सोमवारचं शून्य

सोमवार, ३ मार्च

ताई,

वर 'प्रिय' लिहू की 'माननीय वैद्यकीय अधिकारी' लिहू, हे ठरेना. पहिलं तुला आवडणार नाही आणि दुसरं लिहिताना मलाच हसू येईल, म्हणून नुसतं ताई. हे पत्र कामाचं आहे असं समज. तीन वर्षं एक ओळ लिहिली नाही आणि आज एकदम मायेचं भरतं आलं, असं काही वाटून घेऊ नकोस.

तर काम. आपल्या खात्याने एक समिती नेमली आहे. कुठे ताप वाढला, कुठे जुलाब सुरू झाले, कुठे गोवर निघाला यावर देशभर लक्ष ठेवायची आपली जी व्यवस्था आहे, ती पुढच्या वीस वर्षांत कशी असावी याचा आराखडा करायचा आहे. मी समितीची सचिव. म्हणजे चहा सांगायचा, इतिवृत्त लिहायचं आणि सगळे हमरीतुमरीवर आले की दोघांनाही चालेल असं मधलं वाक्य शोधायचं. "बरोबर जागी बसवलंय तुला," असं तू म्हणणार. म्हण.

आराखड्याआधी चाचणी म्हणून तळ्याकाठच्या केंद्रांवर नवी पद्धत सुरू होतेय. पुढच्या लाँचने तुझ्याकडे एक टॅब येईल. रोगी आला की त्यात नोंद करायची, बाकी सगळं तो आपलं आपण इकडे पाठवतो. त्यामुळे दर सोमवारी फोन करून 'शून्य' कळवायची आता गरज नाही. काही असेल तरच कळवा, नसेल तर नको. सोबत परिपत्रक जोडलंय. ते मीच लिहिलंय. भाषा कशी वाटली सांग. किंवा नको सांगूस.

तुझा तेवढाच एक फोन वाचेल. तसाही तो केवढा असायचा? "तळ्यापलीकडचं केंद्र. शून्य." मी म्हणायचे, "नोंदलं." की लगेच तू ठेवून द्यायचीस. मध्ये एका सोमवारी तुझा आवाज बसलेला होता. मी विचारणार होते, पण माझं तोंड उघडेपर्यंत पलीकडे फक्त टूं टूं.

भिंतीवरचा नकाशा आहे अजून. तू गेलीस तेव्हा होता तसाच, पाच-सहा दिवे गेलेत एवढंच. अजूनही केंद्राचा फोन आला की मी खटका दाबते आणि त्या जागी हिरवा दिवा लागतो. इकडे सकाळी नदीवरचं धुकं खिडकीला येऊन टेकलेलं असतं, खोलीत अर्धवट उजेड, आणि त्यात एकेक गाव लागत जातं. तुझा दिवा उजव्या कोपऱ्यात, तळ्याच्या निळ्या रंगाला चिकटून. तो लागला की मग मी चहा घेते. नव्या आराखड्यात हा नकाशा काढून टाकायचा आहे. मी हरकत घेतलेली नाही.

आमच्या अध्यक्षबाई एक वेगळंच प्रकरण आहेत. पहिल्याच बैठकीत म्हणाल्या, "माझ्याकडे कलमं घेऊन येऊ नका. डोळे मिटा आणि वीस वर्षांनंतरचा एक साधा सोमवार बघा. काय दिसतं ते लिहून आणा." आकडेशास्त्री म्हणाले, "बाई, डोळे मिटले की मला झोप लागते." तर त्या म्हणाल्या, "मग झोपा, पण स्वप्न घेऊन उठा."

असं सगळं चाललंय. टॅब जपून वापर, काच फुटते म्हणे.

धाकटी


सोमवार, १७ मार्च

ताई,

आजवर तू कुणाचं ऐकलं आहेस? परिपत्रकात मी स्वच्छ लिहिलंय की काही नसेल तर कळवू नका. तरी गेल्या सोमवारी आणि आजही, नव्या स्क्रीनवर तुझ्या केंद्रापुढे शून्य. घड्याळात अकरा वाजायला आणि ते उमटायला एक गाठ. तळ्याकाठची इतर केंद्रंही पाठवतायत, म्हणजे परिपत्रकं कुणीच वाचत नाही हे माझं जुनं मत पक्कं झालं. पण इतरांनी वाचलं नसेल. तू वाचलंस आणि मुद्दाम पाठवलंस. तुला मी ओळखत नाही का?

खरं सांगू, बरं वाटलं. गेल्या सोमवारी टेबलावरचा फोन तुझ्या वेळेला वाजला नाही तेव्हा जरा चुकल्यासारखं झालं होतं. मग स्क्रीनवर ते गोल उमटलं. मी उगाच इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हटलं, "नोंदलं." इंजिनिअर शेजारीच बसला होता. "काही म्हणालात, मॅडम?" म्हटलं, "तुला नाही."

हा इंजिनिअर चांगला माणूस आहे, त्याच्यावर चिडू नकोस. चष्मा पुसत पुसत बोलतो. त्याने त्याचं स्वप्न वाचलं तेव्हा खोलीत कुणी खोकलंसुद्धा नाही. त्याच्या सोमवारी शहराखालून वाहणारं सांडपाणी बोलतं. वर कुणाला अजून शिंकही आलेली नाही, आणि खाली पाणी सांगतंय की या पेठेत परवा ताप येणार. मग त्या पेठेतल्या दवाखान्यात औषधं आपोआप जाऊन पोचतात आणि लोकांना कळतही नाही की आपण आजारी पडणार होतो. ऐकताना मला नदीखालून दुसरी एक नदी वाहते आहे असंच दिसायला लागलं.

आकडेशास्त्र्यांचं स्वप्न चार ओळींचं. कार्यालय रिकामं, खुर्चीत मांजर झोपलंय, कुंडीतल्या झाडाला कुणीतरी पाणी घालून गेलंय आणि ते स्वतः नदीवर गळ टाकून बसलेत. अध्यक्षबाई म्हणाल्या, "गंभीरपणे लिहा हो." तर ते म्हणाले, "याहून गंभीर काय असणार? आपल्याला काम नसणं हेच तर आपलं काम."

माझी पाळी आली. मी वाचलं. अध्यक्षबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे स्वप्न नाही, हे इतिवृत्त आहे. पुन्हा लिहा."

मला स्वप्नं पडत नाहीत असं नाही. दुपारी जेवणानंतर टेबलावर डोकं टेकलं की डोळ्यांपुढे तो नकाशा येतो, आणि दिवे लागायच्या ऐवजी त्या जागी माणसं उभी असतात. आपापल्या गावावर, पायांत चपला न घालता. कुणी काही बोलत नाही. पण हे का समितीपुढे वाचायचं?

पुढच्या सोमवारीही पाठव. परिपत्रक गेलं खड्ड्यात.

धाकटी


सोमवार, ७ एप्रिल

ताई,

आज मी इतकी खूश आहे की आधी लिहायला बसले, बाकीची कामं मागून.

गुरुवारच्या वादळाच्या बातम्या बघून चार दिवस जिवाला घोर होता. तळ्याकाठचा धक्का गेला, लाँच आपटून फुटली, तुमच्या बाजूचा मोबाइलचा टॉवर आडवा झाला, वळसा घालून येणारा रस्ता तीन ठिकाणी खचला. तुझा फोन लागेना. मी किती वेळा लावला ते सांगणार नाही. काल तर भांडी घासता घासता तशीच उभी राहिले, नळ वाहत होता आणि मला कळलंच नाही.

आणि आज अकरा वाजता तुझं शून्य आलं!

वीज नाही, टॉवर नाही, धक्का नाही आणि तरी शून्य. म्हटलं, ही टॅब घेऊन डोंगर चढली असणार. टेकडीवर उभं राहून हात वर करून रेंज शोधली असणार. किंवा कुणाच्या तरी होडीतून अर्ध्या तळ्यापर्यंत गेली असेल. तुझ्या नाकावरचा राग जसा, तसं तुझं काम. मला दिसायलाच लागलीस तू, ओल्या पायऱ्यांवर, एका हाताने केस सावरत, दुसऱ्या हातात तो टॅब. आता वाटतं की

(दुपारी)

वरचं वाक्य अर्धं राहिलं. इंजिनिअर आला होता. मी त्याला कौतुकाने म्हटलं, "बघ, आमच्या ताईने वादळातून शून्य पाठवलंय." त्याने स्क्रीनकडे बघितलं आणि चष्मा काढला.

"मॅडम, तो आकडा तिकडून आलेला नाही."

"म्हणजे?"

"कुठूनच काही आलं नाही की सिस्टिम स्वतःच शून्य घालते. रकाना रिकामा राहिला की पुढची बेरीज अडते ना."

"मग मागचे सोमवार?"

त्याने काहीतरी दाबून बघितलं. तुझ्याकडचा टॅब आजवर एकदाही उघडलेला नाही, म्हणाला. मग अगदी अदबीने म्हणाला, "त्यांनी कशाला उघडावा, मॅडम? तुम्हीच लिहिलंय ना, काही नसेल तर कळवू नका."

ताई, म्हणजे मी महिनाभर एका यंत्राला "नोंदलं" म्हणत होते.

आणि तू महिनाभर गप्प आहेस, कारण मीच तुला गप्प बसायला सांगितलं. आता तू गप्प आहेस ती काही झालं नाही म्हणून, की सांगता येत नाही म्हणून, हे मला इथे बसून कळायला काही म्हणता काही मार्ग नाही.

हे पत्र कसं पोचणार तेही माहीत नाही. तरी टपालात टाकतेय.

धाकटी


शुक्रवार, ११ एप्रिल

ताई,

टपालखात्यात विचारून आले. तळ्यापलीकडची सगळी पत्रं अलीकडच्या काठावर एका खोलीत पडून आहेत. नवी लाँच मिळेपर्यंत तिथेच राहणार. म्हणजे आधीची तरी तुला मिळालीत का? पहिली दोन मिळाली असतील. ती वाचून तू काय म्हणाली असशील, याचा विचार न केलेला बरा.

मदतकार्याच्या कचेरीतही गेले. लांबच लांब टेबल, त्यावर तळ्याचा मोठा कागद पसरलेला, आणि होड्या कुठे कुठे गेल्या त्याच्या खुणा. तुझ्या काठावर एकही खूण नव्हती. मी विचारलं तेव्हा तिथला अधिकारी म्हणाला, "बाई, होड्या थोड्या आहेत. जिथे आजारी लोक आहेत तिथे आधी पाठवतोय. तिकडे सगळं ठीक आहे." मी म्हटलं, "तुम्हाला कुणी सांगितलं ठीक आहे म्हणून?" त्याने फोन काढला आणि आमचीच स्क्रीन मला दाखवली. शून्य.

तिथेच एका बाकावर बसले. कुणीतरी पाणी आणून दिलं. मग उठले आणि त्या अधिकाऱ्याला सांगितलं की ते शून्य खरं नाही, ती रिकामी जागा आहे, आणि पहिली जी लाँच मिळेल ती तिकडे गेली पाहिजे. माझा आवाज चढला होता. तो म्हणाला, "लेखी द्या." दिलं. तिथल्या तिथे, उभ्याने.

आज समितीची बैठक होती. आराखड्यातलं मुख्य कलम आजच ठरायचं होतं: तळ्याकाठची पद्धत देशभर लावायची, सोमवारचे फोन बंद करायचे. मधलं वाक्य मलाच शोधायचं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "मला मधलं वाक्य सापडत नाही. मला हे कलमच नको आहे."

खूप बोलले, ताई. माझं मलाच खरं वाटेना. म्हटलं, गावात कुणी आजारी नाही ही एक गोष्ट, आणि गावाकडून काही ऐकू आलं नाही ही अगदी वेगळी गोष्ट. पहिलीचं सुख मानावं, दुसरीने झोप उडायला पाहिजे. आणि आपण दोन्हींपुढे एकच शून्य लिहितोय. इंजिनिअर म्हणाला, "रकाना रिकामा सोडता येईल, पण बेरीज अडेल." मी म्हटलं, "अडू दे. अडली तर कुणीतरी उठून बघेल तरी." आकडेशास्त्री तेवढ्यात कुरकुरले, "बाई, वीस वर्षांचा आराखडा एका बहिणीपायी बदलायचा का?"

मी म्हटलं, "हो."

म्हणाले, "अहो पण..." अध्यक्षबाईंनी कलम बाजूला ठेवलं आणि बावीस तारखेच्या बैठकीत घेऊ म्हणाल्या. मला मात्र दारात थांबवून म्हणाल्या, "तुमचं स्वप्न अजून माझ्याकडे आलेलं नाही."

घरी येताना नदीच्या काठाने आले. त्या दिवसाची आठवण झाली, तुझ्या शेवटच्या बैठकीची. त्याआधी, साथ येणार म्हणून तू हट्टाने बंदराकडच्या वस्तीचं पाणी बंद करायला लावलंस, टाक्या धुऊन घेतल्यास, सगळं गाव तुला शिव्या घालत होतं. आणि साथ आली नाही. तुझ्यामुळे आली नाही की मुळात येणारच नव्हती, ते कुणालाच कधी कळलं नाही. संचालक म्हणाले, "न आलेल्या साथीचा पुरावा कुठे असतो हो?" आणि खोली हसली. तू उठलीस, माझ्याकडे बघितलंस आणि निघून गेलीस, ती थेट तळ्यापलीकडे.

मी हसले नव्हते, ताई. मी गप्प होते. मला वाटत होतं की तू बरोबर आहेस आणि हेही वाटत होतं की मी उठले तर सोमवारी त्या टेबलावर कुणी बसणार नाही. आजही मला तसंच वाटतं, तेव्हा माफीबिफी मागत नाही. पण माझ्या गप्प बसण्याच्या जागी तू आपल्या मनाने काय घातलंस ते मला माहीत आहे. तू विचारलं नाहीस. एवढी हुशार तू, दुसऱ्यांना दहा प्रश्न विचारायची, मला एक विचारला नाहीस.

राग आला असेल तर ये आणि भांड.

धाकटी


रविवार, १३ एप्रिल

ताई,

मंगळवारी लाँच जाणार. नक्की झालं. औषधं, डिझेल आणि टपालाचे थैले घेऊन. हेही पत्र त्यातच जाईल, म्हणजे तुला एकदम गठ्ठाच मिळेल. क्रमाने वाच. शेवटचं आधी उघडायची तुझी खोड आहे.

त्या लाँचवर मला जागा मिळाली असती. मी मागितली नाही. का, ते विचारू नकोस. बरं, सांगते. मला तू आजारी असशील याची भीती वाटते, पण त्याहून थोडी जास्त भीती याची वाटते की तू ठणठणीत असशील, दार उघडशील, माझ्याकडे बघशील आणि परत लावून घेशील. वय झालं तरी मोठ्या बहिणीची भीती जात नाही, काय करणार.

आज दुपारी झोप लागली. खिडकी उघडी होती, पडदा आत-बाहेर करत होता. मला एक घर दिसलं. आपलंच होतं पण संपत नव्हतं. एक लांब ओसरी आणि तिच्या दोन्ही बाजूंना अंथरुणं, पुढे पुढे, जिथवर नजर जाईल तिथवर. संध्याकाळची वेळ, दिवे अजून लावलेले नाहीत. सगळा देश तिथे झोपला होता. कोळी होते, शाळेतली पोरं होती, ट्रकवाले होते, आकडेशास्त्री गळ उशाला घेऊन झोपले होते. आणि आई अनवाणी चालत होती. प्रत्येकापाशी वाकायची, कपाळावर हात ठेवायची, क्षणभर थांबायची आणि पुढे जायची. मी तिच्या मागे मागे.

मी म्हटलं, "आई, यांना कुणाला ताप नाहीये गं. कशाला एवढी चालतेस?"

ती म्हणाली, "हात लावल्याशिवाय कसं कळणार?"

तुला आठवतं ना, रोज संध्याकाळी ती असंच करायची. आपण धडधाकट असायचो, उड्या मारून दमून आडव्या झालेल्या. आधी तू, मग मी. तू पांघरूण कपाळावर ओढून घ्यायचीस आणि ओरडायचीस, "आई, मला काही नाही झालेलं!" आणि ती म्हणायची, "नाही झालेलं, तेच बघायला आलेय." मग पांघरुणात हात घालून बघायचीच. तिचा हात थंड असायचा, भांडी घासून आलेला, आणि त्याला राखेचा वास यायचा. मी डोळे मिटून माझ्या पाळीची वाट बघत पडायची. मला ते फार आवडायचं. तुला कधी सांगितलं नाही, तू चिडवलं असतंस.

स्वप्नात ओसरीच्या अगदी टोकाला एक अंथरूण होतं. पांघरूण डोक्यापर्यंत ओढलेलं. आईने हात पुढे केला आणि मी जागी झाले. पडदा तोंडावर आला होता.

उठले आणि अध्यक्षबाईंना हवा होता तो सोमवार एका बैठकीत लिहून टाकला. सांडपाणी बोलतंय ते ठेवलं, इंजिनिअरचं मन का मोडा. मांजरही ठेवलं. पण खोलीत एक टेबल आणि त्यावर एक फोन ठेवला. सगळी यंत्रं आपापलं सांगून झाली की एक माणूस फोन उचलतो आणि जिथून काही आलं नाही त्यांना विचारतो, "काही नाही ना?" आणि पलीकडून जिवंत माणसाचा आवाज येतो, "नाही, काही नाही." एवढंच आहे माझं स्वप्न. बाकी कुणाचं भव्य असेल तर असू दे.

ताई, तुझं 'शून्य' मला कधी कामाचं वाटलंच नाही गं. मला ते पत्रच वाटायचं, दर आठवड्याचं. परिपत्रक लिहिताना हे लक्षात यायला हवं होतं, पण तेव्हा मी फार शहाणी झाले होते.

धाकटी


गुरुवार, १७ एप्रिल

ताई,

लाँच परत आली. लाँचवाल्याला मी काठावर जाऊन गाठलं. तो म्हणाला, केंद्र उघडं होतं, कंपाउंडरकाकांनी औषधं आणि टपाल उतरवून घेतलं, घाईत होते. "आणि डॉक्टरीणबाई?" "त्या काही दिसल्या नाहीत बुवा."

तेवढंच. टॉवर शनिवारी उभा करणार आहेत. मला काही सुचत नाही.

धाकटी


सोमवार, २१ एप्रिल

ताई,

हे पत्र तुला कधी मिळेल ते बघू, पण आज जे झालं ते कागदावर उतरवल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तुझ्या बाजूने ते कसं होतं ते तुला माहीत आहे. माझ्या बाजूचं ऐक.

सकाळपासून फोनपुढे बसले होते. मागेच तो काढून न्यायला माणसं आली होती, तेव्हा मी त्यांना "सही नाही" म्हणून परत पाठवलं होतं. सही कसली लागते ते त्यांनी विचारलं नाही, मलाही माहीत नव्हतं. धुकं आज उशिरापर्यंत उठलंच नाही. नदीवरून कुठल्यातरी होडीचा भोंगा येत होता. स्क्रीनवर अकराला तुझ्या केंद्रापुढे काहीच उमटलं नाही. इंजिनिअरने ते आपोआपचं शून्य काढून टाकलंय. कुणी न सांगता, शनिवारी येऊन. पांढरा रकाना, कोरा. तो बघवत नव्हता, पण खरा होता.

आणि फोन वाजला.

"तळ्यापलीकडचं केंद्र," तू म्हणालीस. आवाज इतका खोल होता की आधी कंपाउंडरकाकाच वाटले.

मी थांबले. पुढचा शब्द मला पाठ होता.

"एक," तू म्हणालीस.

शून्य नसलं की विचारायचे प्रश्न ठरलेले आहेत, आणि ते तूच ठरवलेत, याच टेबलावर बसून. ते एकेक विचारले. आजार? ताप, वादळानंतर पाणी बिघडलं त्याचा. आधीचे? आधीचे बरेच होते, सगळे उठले. आता एकच राहिला. पुरुष की बाई?

"बाई."

वय?

पलीकडून तुझा श्वास ऐकू येत होता. मग म्हणालीस, "तुझ्याहून चार वर्षांनी मोठी."

मी 'नोंदलं' म्हणायला तोंड उघडलं आणि ते आलंच नाही. रडायलाच लागले, ऑफिसात, भर सकाळी, सगळ्यांसमोर. आकडेशास्त्र्यांनी उठून दार लावून घेतलं. तू फोन ठेवला नाहीस. तीन वर्षांत पहिल्यांदा तू फोन ठेवला नाहीस. मग आपल्या नेहमीच्या करड्या आवाजात म्हणालीस, "गठ्ठा मिळाला. क्रमाने वाचला." आणि थोड्या वेळाने, "परिपत्रकाची भाषा भिकार आहे."

मी म्हटलं, "माहीत आहे."

तू म्हणालीस, "विचारायला हवं होतं मी. तेव्हा." मग खोकला आला आणि कंपाउंडरकाकांनी फोन काढून घेतला. ते म्हणाले, ताप उतरत चाललाय, पण बाई झोपून राहत नाहीत आणि कुणाचं ऐकत नाहीत. मी म्हटलं, मला नवीन सांगा.

तुझा दिवा मी लावला. हिरवा नाही, लाल लावला, नियमाप्रमाणे. इतकी वर्षं मी लाल दिव्याला घाबरत आले. आज तोही किती बरा दिसला.

उद्याच्या बैठकीत माझं स्वप्न आकडेशास्त्री वाचणार आहेत. त्यांनीच मागून घेतलं. कलम कसं होईल सांगता येत नाही. अध्यक्षबाई अर्ध्या वळल्यात, खर्चखात्याचे लोक अजून बेरजा करतायत. रिकामी जागा रिकामीच दिसावी एवढं तरी राहील असं वाटतं. सोमवारच्या फोनचं भांडण अजून व्हायचं आहे. ते माझ्याशिवाय होईल. मधलं वाक्य शोधायला मी तिथे नसेन.

कारण तुझ्याच नियमांत पुढे एक ओळ आहे. एक जरी कळला, तरी त्याच आठवड्यात तिथे माणूस पाठवायचा. मी ती वाचून दाखवली आणि अध्यक्षबाईंनी विचारलं, "मग कुणाला पाठवताय?"

उद्या सकाळच्या लाँचवर माझी जागा आहे. हे पत्रही त्याच लाँचने येईल, म्हणजे बहुतेक मीच ते तुझ्या हातात देईन. मी आले की काही बोलू नकोस, दार तेवढं उघडं ठेवायला सांग. आणि ताई, पांघरूण कपाळावर ओढून घेऊ नकोस.

धाकटी